स्पॅनिशची 'से'वाली क्रियापदं: मधे इंग्रजी आणू नका, मराठीतूनच शिका

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ होतं, 'मे यामो अमुक', म्हणजे माझं नाव अमुक. तेव्हा कोणी विचारत नाही की हा 'मे' आला कुठून. मग काही धडे गेले की दिनक्रमाचा धडा येतो, उठणं, अंघोळ, कपडे, झोपणं, आणि एकदम दिसतं की जवळपास प्रत्येक क्रियापदाच्या मागे 'से' चिकटलाय: लेबान्तार्से, दुचार्से, बेस्तीर्से, आकोस्तार्से. पुस्तकात लिहिलेलं असतं की ही रिफ्लेक्झिव्ह क्रियापदं, यात माणूस क्रिया स्वतःवर करतो, आणि खाली उदाहरण, मी स्वतःला धुतो. इथपर्यंत पटतं. पण मग पुढच्या पानावर 'मी स्वतःला उठतो', 'मी स्वतःला बसतो', 'मी स्वतःला जातो' असले अर्थ लावायची वेळ येते आणि तिथे डोकं चालेनासं होतं, मग लोक सरळ घोकायला लागतात.

माझं म्हणणं असं की हा गोंधळ स्पॅनिशमुळे होतच नाही, मधे इंग्रजी आणल्यामुळे होतो. इंग्रजीत आपण जागे झालो काय आणि दुसऱ्याला जागं केलं काय, क्रियापद बऱ्याचदा तेच राहतं, म्हणून इंग्रजीतून बघणाऱ्याला 'से' हे उगाच लावलेलं शेपूट वाटतं. मराठीत तसं नाहीये ना. आपल्याकडे उठणे वेगळं आणि उठवणे वेगळं, बसणे वेगळं आणि बसवणे वेगळं, हा फरक आपण लहानपणापासून न चुकता करतो. स्पॅनिश नेमका तोच फरक करतं, फक्त उलट्या बाजूने. मराठीत साधं रूप स्वतःचं असतं आणि दुसऱ्याला करायला लावायचं तर मधे 'व' घालतो. स्पॅनिशमधे साधं रूप दुसऱ्यासाठी असतं आणि स्वतःचं झालं की 'से' लावतात. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्म्याहून जास्त काम झालं असं समजा.

जोड्या बघा म्हणजे कळेल:

लेबान्तार म्हणजे उठवणे किंवा उचलणे, लेबान्तार्से म्हणजे उठणे
सेन्तार बसवणे, सेन्तार्से बसणे
आकोस्तार झोपवणे, आकोस्तार्से झोपायला आडवं होणे
मोबेर हलवणे, मोबेर्से हलणे
एस्कोन्देर लपवणे, एस्कोन्देर्से लपणे
आसुस्तार घाबरवणे, आसुस्तार्से घाबरणे
कान्सार थकवणे, कान्सार्से थकणे
सेकार सुकवणे, सेकार्से सुकणे
देर्रेतीर वितळवणे, देर्रेतीर्से वितळणे
केमार जाळणे, केमार्से जळणे
रोम्पेर फोडणे किंवा तोडणे, रोम्पेर्से फुटणे किंवा तुटणे

शेवटच्या दोन जोड्यांत मराठीत 'व' नाही, पण जाळणे-जळणे, फोडणे-फुटणे हा फरक आहेच. आणि गंमत बघा, यात 'स्वतःवर क्रिया' वगैरे काही नाहीये, बर्फ काही स्वतःवर क्रिया करत नाही, तो वितळतो, तरी स्पॅनिशमधे 'से देर्रीते'. म्हणून रिफ्लेक्झिव्ह हे नाव मला फारसं आवडत नाही, स्पॅनिश व्याकरणात यांना 'बेर्बोस प्रोनोमिनालेस' म्हणतात, म्हणजे सर्वनाम घेऊन चालणारी क्रियापदं, ते जास्त बरोबर आहे. मी इथे सरळ 'से'वाली क्रियापदं म्हणणार आहे.

हा नियम सगळीकडे चालतो का, तर नाही. मरणे-मारणे ही जोडी स्पॅनिशमधे मोरीर आणि मातार अशी दोन वेगळ्या शब्दांची आहे, उकळणे आणि उकळवणे दोन्हीला एर्बीर चालतं, आणि येणं, पोचणं, बाहेर पडणं, आत शिरणं ही क्रियापदं आधीपासूनच स्वतःची आहेत म्हणून तिथे 'से'ची गरज नाही: बेनीर, येगार, सालीर, एन्त्रार. पण नवीन क्रियापद आलं की आधी हाच प्रश्न विचारायचा, हे मराठीत 'करणे'वालं आहे की 'होणे'वालं, आणि मग डिक्शनरी उघडायची. रेआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणारी संस्था, तिची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिच्यात अशा अर्थापुढे पी-आर-एन-एल असं छोटं चिन्ह असतं, ते प्रोनोमिनालचं. ते दिसलं की समजायचं इथे 'से' लागतो.

उच्चाराबद्दल थोडंसं

स्पेलिंगमधे व्ही असला तरी उच्चार ब च्या जवळचा, म्हणून मी लेबान्तार्से लिहितेय. डबल एल म्हणजे बहुतेक ठिकाणी य, अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसकडे श ऐकू येतो, तिथे 'मे शामो' म्हणतात. त आणि द आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे, ट-ड नाही, हे आपल्याला आयतं मिळालंय. दुचार्से मधला च 'चार' मधला आहे, 'चोर' मधला नाही. एच कधीच म्हणायचा नाही.

आता सर्वनामं. स्वतःची सहा रूपं आहेत आणि ती क्रियापदाच्या आधी येतात, लेबान्तार्से घेऊन बघू: यो मे लेबान्तो मी उठतो, तू ते लेबान्तास तू उठतोस, एल से लेबान्ता तो उठतो, नोसोत्रोस नोस लेबान्तामोस आम्ही उठतो, बोसोत्रोस ओस लेबान्ताइस तुम्ही सगळे उठता, एयोस से लेबान्तान ते उठतात. तू ला तूच म्हणतात हे छान आहे. आदराने बोलायचं असेल तर उस्तेद, आणि त्याला 'तो'चंच रूप लागतं, उस्तेद से लेबान्ता. बोसोत्रोस आणि त्याचा ओस हा स्पेनमधे चालतो, लॅटिन अमेरिकेत त्या जागी उस्तेदेस से लेबान्तान म्हणतात, त्यामुळे तुम्हाला मेक्सिको, कोलंबिया, पेरू इकडच्या लोकांशीच बोलायचं असेल तर ओस नुसता ओळखता आला तरी पुरे.

बोलताना यो, तू, नोसोत्रोस गाळतात कारण क्रियापदाच्या शेवटावरून कळतंच, पण मे, ते, नोस कधीही गाळायचे नाहीत. नुसतं 'लेबान्तो' म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो, काय उचलतोयस? 'लेबान्तो ला सिया' म्हणजे खुर्ची उचलतो. 'लेबान्तो आ ला निन्या' म्हणजे मुलीला उठवतो. जाता जाता त्या 'आ' कडे बघून घ्या, माणूस असेल तर 'आ' आणि वस्तू असेल तर काही नाही, आपणही खुर्ची उचलतो म्हणतो पण मुलीला उठवतो म्हणतो, 'ला' लावून. हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्यांना अवघड जातो, आपल्याला जायचं कारण नाही.

'मे' म्हणजे मला, हे थोडं सांभाळून

इथे मराठीवाल्यांचा एक खास घोटाळा होतो. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं, अगदी आपल्यासारखी रचना, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण 'मला'. 'मे द्वेले ला काबेसा' म्हणजे माझं डोकं दुखतंय, तिथेही मे. मग वाटतं की सगळीकडे मे म्हणजे मला. पण 'मे लेबान्तो' मधला मे तो नाही. मी, तू, आम्ही या रूपांत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून फरक कळत नाही, कळतो तो 'तो' आणि 'ती' वर आल्यावर. त्याला आवडतं म्हणजे 'ले गुस्ता', तो उठतो म्हणजे 'से लेबान्ता'. म्हणून शंका आली की वाक्य एल किंवा एया घेऊन म्हणून बघायचं, ले आला तर आपला मला-त्याला वाला, से आला तर हा स्वतःचा. दुसरी खूण क्रियापदाच्या शेवटात आहे, 'मे लेबान्तो' मधे शेवटी ओ आहे म्हणजे करणारा मीच, 'मे गुस्ता' मधे शेवटी आ आहे म्हणजे करणारी दुसरीच काहीतरी वस्तू.

रोजची क्रियापदं, आणि झोपेची तीन

एकदम तीस-चाळीस क्रियापदांची यादी घेऊ नका. आधी सकाळ-रात्रीची घ्या कारण ती रोज स्वतःशी म्हणता येतात: देस्पेर्तार्से जाग येणे, लेबान्तार्से उठणे, दुचार्से शॉवर घेणे, लाबार्से धुणे, पेइनार्से केस विंचरणे, आफेइतार्से दाढी करणे, बेस्तीर्से कपडे घालून तयार होणे, पोनेर्से अंगात घालणे, कितार्से काढणे, सेन्तार्से बसणे, आकोस्तार्से, दोर्मीर्से.

यातली जाग येणे आणि उठणे ही वेगळी ठेवा. 'मे देस्प्येर्तो आ लास सेइस पेरो मे लेबान्तो आ लास स्येते', म्हणजे सहाला जाग येते पण उठते सातला. आणि झोपेची तर तीन आहेत आणि तिन्ही मराठीत तंतोतंत बसतात. आकोस्तार्से म्हणजे झोपायला आडवं होणं, दोर्मीर्से म्हणजे झोप लागणं, आणि बिन-'से'चं दोर्मीर म्हणजे झोपलेलं असणं. 'मे आक्वेस्तो आ लास द्येस, मे द्वेर्मो आ लास ओन्से इ द्वेर्मो स्येते ओरास': दहाला आडवी होते, अकराला झोप लागते आणि सात तास झोपते. हे एक वाक्य पाठ केलंत तर तिन्हींचा फरक कायमचा लक्षात राहील.

धुणे, विंचरणे याला मराठीत 'व' वाली जोडी नाही, तिथे शरीर कोणाचं ते बघायचं. स्वतःचं असेल तर से. कुत्र्याला अंघोळ घातली तर 'बान्यो आल पेर्रो', आपण अंघोळ केली तर 'मे बान्यो', म्हणजे आपलं अंघोळ घालणे आणि अंघोळ करणे. आणि हातपाय, तोंड, दात, कपडे यांच्यापुढे 'माझे' लावायचं नाही. 'मे लाबो लास मानोस', मी हात धुते. 'मे पोंगो ला चाकेता', जॅकेट घालते. 'मे कितो लोस सापातोस', बूट काढते. मराठीतही आपण 'मी माझे हात धुते' म्हणत बसत नाही, हात धुते म्हटलं की स्वतःचेच, त्यामुळे इथे मराठीतला विचार जसाच्या तसा ठेवा, 'मिस मानोस' हे इंग्रजीतून आलेलं वाक्य आहे.

मधला स्वर बदलणारी

वरच्या यादीतली बरीच क्रियापदं मधेच स्वर बदलतात, ते से मुळे होत नाही, ती मुळातच तशी आहेत, पण नेमकी रोजची असल्यामुळे एकदमच अंगावर येतात. ए चा ये होतो: देस्पेर्तार्से, मे देस्प्येर्तो. ओ चा वे होतो: आकोस्तार्से, मे आक्वेस्तो, आणि दोर्मीर्से, मे द्वेर्मो. ए चा ई होतो: बेस्तीर्से, मे बीस्तो. आम्ही आणि बोसोत्रोसला मात्र बदल नाही, नोस देस्पेर्तामोस, नोस आकोस्तामोस, नोस दोर्मीमोस. पोनेर्से नुसतं मी ला वेगळं, मे पोंगो, पुढे ते पोनेस, से पोने.

एक जोडी फसवी आहे. सेन्तार्से बसणे आणि सेन्तीर्से वाटणे, तब्येत किंवा मनाला कसं वाटतंय ते. दोन्हीचं मी चं रूप 'मे स्येन्तो'. 'मे स्येन्तो आकी' म्हणजे इथे बसते, 'मे स्येन्तो ब्येन' म्हणजे मला बरं वाटतंय. पुढच्या रूपांत फरक कळतो, बसण्याचं ते स्येन्तास, से स्येन्ता, वाटण्याचं ते स्येन्तेस, से स्येन्ते. 'कोमो ते स्येन्तेस' म्हणजे कसं वाटतंय, तिथे चुकून 'स्येन्तास' म्हटलं तर विचाराल की कसा बसतोस.

भूतकाळात ये-वे निघून जातात, मे देस्पेर्ते, मे आकोस्ते, मे दोर्मी, फक्त शेवटी ईर असणाऱ्यांत (दोर्मीर, बेस्तीर) तो-ते च्या रूपाला बारीक बदल उरतो, से दुर्म्यो त्याला झोप लागली, से बिस्त्यो त्याने कपडे घातले.

सर्वनाम कुठे ठेवायचं

चालवलेलं क्रियापद असेल तर आधी, सुटं: मे लेबान्तो, नो मे लेबान्तो. नकार आला की नो सगळ्यात पुढे. 'आहे-झालंय' वाला काळ असेल तर सर्वनाम 'आबेर' या मदतीच्या क्रियापदाच्या रूपाच्या आधी, मे ए लेबान्तादो म्हणजे मी उठलेय, मधे घुसवायचं नाही.

दोन क्रियापदं एकत्र आली, म्हणजे उठायचंय, उठायला हवं, अंघोळ करतेय असं काही, तर दोन जागा चालतात, एकतर अगदी पुढे किंवा अगदी मागे चिकटून. 'मे क्येरो लेबान्तार' आणि 'क्येरो लेबान्तार्मे', दोन्हीचा अर्थ उठायचंय. 'मे एस्तोय दुचान्दो' आणि 'एस्तोय दुचान्दोमे', दोन्ही म्हणजे शॉवर घेतेय. पण इथे फार जण डिक्शनरीतलं रूप तसंच टाकतात, 'क्येरो लेबान्तार्से', ते चूक. शेवटचा से हा नुसता डिक्शनरीतला नमुना आहे, मी उठणार असेन तर तो मे व्हायलाच पाहिजे, तू असशील तर ते. 'आन्तेस दे आकोस्तार्मे' झोपायच्या आधी, 'देस्प्वेस दे दुचार्मे' शॉवर घेतल्यावर, ही दोन सतत लागतात, तशीच्या तशी तोंडात बसवून टाका.

आज्ञा करताना होकार असेल तर मागे चिकटतं, नकार असेल तर पुढे येतं. लेबान्ताते ऊठ, नो ते लेबान्तेस उठू नकोस. स्येन्ताते बस, उस्तेदला स्येन्तेसे, बसा. आघात मूळ जागीच राहतो म्हणून लिहिताना स्वरावर तिरकी खूण येते, लेबान्ताते मधे 'बान' वर. आपण सगळे निघू या म्हणताना बामोस आणि नोस जोडताना मधला स गळतो, 'बामोनोस'. आणि स्पेनमधे बोसोत्रोसच्या आज्ञेला (लेबान्ताद) ओस जोडताना शेवटचा द गळतो, लेबान्ताओस, सेन्ताओस. ईर्से, म्हणजे निघून जाणे, तेवढं अपवाद, त्याचं व्याकरणातलं रूप इदोस, पण लोक सर्रास ईरोस म्हणतात आणि २०१७ मधे आकादेमियाने तेही चालेल म्हणून मान्य केलं.

निघून जाणे, खाऊन टाकणे, वाचून काढणे

आता माझा सगळ्यात आवडता भाग. काही क्रियापदं से शिवायही बरोबर असतात आणि से लावल्यावर अर्थाला वेगळा रंग येतो. पुस्तकं याचं वर्णन करताना 'क्रिया पूर्ण होण्यावर भर' वगैरे लिहितात, ते वाचून काही हाती लागत नाही. पण मराठीत आपण मुख्य क्रियापदाला टाकणे, जाणे, काढणे, घेणे जोडून हेच करतो. ईर म्हणजे जाणे, कुठे ते सांगावं लागतं, 'बोय आल त्राबाखो' कामाला जाते. ईर्से म्हणजे निघून जाणे, इथून निघणं महत्त्वाचं, 'मे बोय' म्हणजे निघते मी. कोमेर खाणे, कोमेर्से खाऊन टाकणे: 'मे कोमी ला मान्साना', सफरचंद खाऊन टाकलं. 'से बेब्यो तोदा एल आग्वा', सगळं पाणी पिऊन टाकलं त्याने. 'मे लेई एल लीब्रो एन्तेरो', अख्खं पुस्तक वाचून काढलं. आणि जिथे मराठीत टाकणे-काढणे चालत नाही तिथे बहुतेक स्पॅनिश से पण चालत नाही, मला सफरचंदं आवडतात, रोज खाते, असं सर्वसाधारण बोलताना नुसतं 'कोमो मान्सानास', कारण ठरलेली, संपणारी वस्तू नाहीये.

काहींचा अर्थच बदलतो आणि ती सुटी पाठ करावी लागतात. यामार हाक मारणे किंवा फोन करणे, यामार्से नाव असणे. पारेसेर वाटणे-दिसणे, पारेसेर्से आ कुणासारखं दिसणे. आकोर्दार एकमताने ठरवणे, आकोर्दार्से दे आठवणे. देस्पेदीर कामावरून काढणे किंवा निरोप द्यायला जाणे, देस्पेदीर्से दे निरोप घेणे, इथे परत आपलं देणे-घेणे आलंच. केदार उरणे किंवा भेटायचं ठरवणे, केदार्से राहणे, मागे थांबणे.

आणि थोडी अशी की ज्यांना से शिवाय चालतच नाही: केखार्से तक्रार करणे, आर्रेपेन्तीर्से पश्चात्ताप होणे, आत्रेबेर्से धाडस करणे. यांच्याबरोबर पुढचा छोटा शब्द पण पाठ करायचा, क्रियापद एकटं कधीच लिहून ठेवू नका. कासार्से कोन, कुणाशी लग्न करणे, कोन म्हणजे आपला 'शी'. एनामोरार्से दे, कुणाच्या प्रेमात पडणे. केखार्से दे, कशाची तक्रार. फिखार्से एन, कशाकडे लक्ष देणे. आत्रेबेर्से आ, काही करायचं धाडस. दार्से क्वेन्ता दे, लक्षात येणे, हे बोलण्यात फार येतं, 'नो मे दी क्वेन्ता' म्हणजे माझ्या लक्षातच आलं नाही.

माझ्या हातून फुटला

ग्लास फुटला, फोन पडला, चाव्या हरवल्या, अशा वेळी आपण 'मी ग्लास फोडला' म्हणत नाही, माझ्या हातून फुटला म्हणतो, कारण मुद्दाम केलेलं नाहीये. स्पॅनिश माणूसही तेच करतो: 'से मे रोम्प्यो एल बासो'. आधी से, मग कोणाच्या बाबतीत झालं ते, मे, ते, ले, नोस, ओस, लेस, आणि मग क्रियापद, जे वस्तूप्रमाणे चालतं. 'से मे कायो एल तेलेफोनो' फोन पडला माझ्या हातून. 'से मे पेर्द्येरोन लास याबेस' माझ्या चाव्या हरवल्या, चाव्या अनेक म्हणून पेर्द्येरोन. 'से ले ओल्बिदो' तो विसरला, त्याच्या लक्षातून गेलं. मराठीतही क्रियापद फुटला-हरवल्या असं वस्तूप्रमाणेच वळतं, त्यामुळे वाक्य मराठीत मनात म्हणून मग स्पॅनिशमधे आणलं तरी चालतं. बोलताना हे वापरलंत की तुमचं स्पॅनिश एकदम मोकळं वाटायला लागतं, म्हणून हे 'पुढच्या लेव्हलचं' म्हणून मागे ठेवू नका, से मे ओल्बिदो तर पहिल्या महिन्यातच शिकून घ्या.

एकमेकांना या अर्थीही हीच सर्वनामं येतात, 'नोस बेमोस' भेटू या, 'से आब्रासान' एकमेकांना मिठी मारतात, ते संदर्भावरून कळतं. आणि दुकानावर 'से बेन्दे', पाटीवर 'से आब्ला एस्पान्योल' दिसलं तर तो से वेगळा, विकणे आहे, इथे स्पॅनिश बोलतात, त्यात स्वतः वगैरे शोधू नका.

देशाप्रमाणे फरक आहेत पण घाबरायचं कारण नाही. राग येणे स्पेनमधे एन्फादार्से, लॅटिन अमेरिकेत जास्त करून एनोखार्से. अंघोळीला स्पेनमधे दुचार्से, मेक्सिकोत बान्यार्से जास्त ऐकू येतं, आणि स्पेनमधे बान्यार्से म्हटलं तर समुद्रात किंवा टबात उतरलात असा अर्थ होऊ शकतो. पारार्से तेवढं जपून, स्पेनमधे थांबणे, मेक्सिकोत आणि इतर बऱ्याच देशांत उभं राहणे. अर्जेंटिनात तू च्या जागी बोस येतो पण सर्वनाम ते च राहतं, फक्त आघात शेवटी जातो, बोस ते लेबान्तास, 'तास' वर जोर.

सराव कसा करायचा तर माझ्या मते वहीत जोड्या लिहायच्या, एका बाजूला बिन-से, दुसऱ्या बाजूला से, आणि अर्थ मराठीतच, उठवणे-उठणे असे. मग जे करताय ते करतानाच तोंडाने म्हणायचं, उठताना मे लेबान्तो, हात धुताना मे लाबो लास मानोस, बूट काढताना मे कितो लोस सापातोस, मोठ्याने, पुटपुटत नाही. हे आठवडाभर जमलं की तोच दिनक्रम घरातल्या दुसऱ्या कोणाबद्दल सांगायचा, म्हणजे से येईल आणि स्वर बदलणारी रूपं पण पक्की होतील. मग कालचं सांगायचं, मे देस्पेर्ते, मे लेबान्ते. मग प्रत्येक वाक्य क्येरो लावून फिरवायचं म्हणजे लेबान्तार्मे-लाबार्मे अंगवळणी पडेल, आणि शेवटी कोणाला तरी हुकूम सोडायचे, स्येन्ताते, नो ते स्येन्तेस, लाबाते लास मानोस, नो ते बायास. लाबाते लास मानोस म्हणताना 'ते' आलाय की नाही तेवढं दर वेळी कान देऊन ऐका, बोलताना पहिला गळतो तो तोच.